ऑक्सिजनचं मशीन राहू दे, डॉपलरची तारीख चुकवू नकोस

या वेळी एकच पत्र घेतलंय, कारण त्याचं उत्तर चार ओळींत उरकण्यासारखं नाहीये. पत्र थोडं कापून देते, कंसातली फोड माझी:

"ताई, मला २८ आठवडे पूर्ण झालेत. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन ८५० ग्रॅम आलं, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली (तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत तळाच्या तिघांत) आहे म्हणाले. नाळेच्या डॉपलरचा (सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह मोजतात ती तपासणी) पीआय (वाहिनीत पुढे अडथळा किती ते सांगणारा आकडा) वाढलाय, दोन्ही युटेराइन आर्टरीत (गर्भाशयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या) नॉच (आलेखातली खाच) आहे, मेंदूचं आणि डक्टस व्हिनोससचं (नाळेतून आलेलं रक्त बाळाच्या हृदयाकडे नेणारी छोटी वाहिनी) डॉपलर ठीक आहे. बीपी नॉर्मल, हिमोग्लोबिन ११.२. घरी येऊन वाचत बसले. एकीकडे लिहिलंय की वारेत (प्लासेंटात) ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या नीट होत नाहीत, दुसरीकडे लिहिलंय की ऑक्सिजन कमी पडला की नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग खरं काय? माझा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो तरी नवरा ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणायचं म्हणतोय. एका नातेवाईकांनी रक्तवाहिन्या उघडणारी एक गोळी सुचवलीय, सिल्डेनाफिल. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात ऑफिसचं काम फार होतं, जिने चढले, पाठीवर झोपायचे, रडलेही खूप. माझ्यामुळे झालं का हे? मला अगं-तुगंच करा."

अगं, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत. तुझ्यामुळे झालेलं नाहीये. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, तारखा जुळत नाहीत म्हणून म्हणतेय. तुझ्या स्कॅनमध्ये जे दिसतंय त्याची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार महिन्यांत होते, कधीकधी तर टेस्टवर दोन रेघा दिसायच्या आधीपासून, आणि गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या करायचं काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत आटोपलेलं असतं. तू जिने चढलीस बाविसाव्या आठवड्यात. रडलीस त्याच्याही नंतर. जे आधीच ठरून गेलं होतं ते नंतरच्या जिन्यांनी कसं बिघडेल?

माझं निम्मं आयुष्य वार तपासण्यात गेलंय, म्हणजे बाळंतपण झाल्यावर जी वार लॅबमध्ये येते ती मोजायची, वजन करायचं, कापून बघायची, आणि तिचे तुकडे काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचे. म्हणून तुला आधी वारच दाखवते, मग मशीनचं आणि गोळीचं बोलू.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्ध्या किलोची, जेवायच्या ताटाएवढी, बाळाकडची बाजू गुळगुळीत आणि निळसर, त्यावर नाळेपासून पसरलेल्या रक्तवाहिन्या. आईकडची बाजू मात्र स्पंजसारखी, गडद लाल. त्या स्पंजात बारीक बारीक फाटे असतात, झाडाच्या मुळांसारखे, त्यांना व्हिलाय म्हणतात, आणि ते आईच्या रक्तात अक्षरशः बुडालेले असतात. फाट्याच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, मधल्या पातळ पडद्यातून देवाणघेवाण चालते. ही सगळी पृष्ठं उलगडून पसरली तर १० ते १२ चौरस मीटर होतात, एखादी छोटी खोली होईल एवढी, आणि ती सगळी त्या ताटाएवढ्या जागेत दुमडून बसवलेली असते.

आता ऑक्सिजन. तू वाचलेली दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त दोन्ही वेगवेगळ्या वेळेबद्दल आणि वेगवेगळ्या प्रकारच्या कमतरतेबद्दल आहेत आणि लिहिणाऱ्यांनी ते सांगितलं नाही, म्हणून तू गोंधळलीस.

पहिल्या दोन-अडीच महिन्यांत वारेत ऑक्सिजन कमीच असतो आणि तसाच असायला हवा. आईच्या ज्या रक्तवाहिन्या वारेत उघडतात, नागमोडी असतात म्हणून त्यांना स्पायरल आर्टरी म्हणतात, त्यांच्या तोंडाशी वारेच्याच पेशी बुच बसवल्यासारख्या जमतात. आईचं रक्त आत सुटतच नाही, नुसता पाझर येतो, आणि बाळाला खायला मिळतं ते गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावातून. आठव्या आठवड्याच्या सुमाराला वारेतला ऑक्सिजनचा दाब २० मिलिमीटर पारा किंवा त्याहून कमी असतो, बुचं सुटली की बारा-तेरा आठवड्यांपर्यंत तो ६० च्या आसपास जातो. आईच्या धमनीत तो १०० च्या जवळ असतो, त्यावरून अंदाज कर. तेव्हाच्या कोवळ्या पेशींकडे जादा ऑक्सिजनचा मारा सोसायची तयारी नसते, बुचं फार लवकर आणि सगळीकडून एकदम सुटली तर उलट गर्भपाताकडे जातं. म्हणजे सुरुवातीचा कमी ऑक्सिजन हा आजार नाही, ती व्यवस्था आहे.

आणि याच कमी ऑक्सिजनमध्ये बाळाच्या बाजूच्या रक्तवाहिन्या फुटायला लागतात. पेशीला ऑक्सिजन कमी पडलाय हे कसं कळतं, तर तिच्यात एचआयएफ नावाचं एक प्रोटीन असतं, ऑक्सिजन पुरेसा असला की ते तयार होतं आणि लगेच मोडलं जातं, सारखं तयार होतं सारखं मोडलं जातं, पण ऑक्सिजन उतरला की मोडणं थांबतं, ते साठतं, पेशीच्या केंद्रात जातं आणि तिथून हुकूम सुटतात, त्यातला एक हुकूम म्हणजे व्हीईजीएफ, नव्या रक्तवाहिन्या फोडणारा. ही सगळी यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. म्हणजे तुझं दुसरं वाक्य, ऑक्सिजन कमी झाला की रक्तवाहिन्या फुटतात, हे अगदी पक्कं आहे.

मग तुझ्या वारेत का नाही फुटल्या पुरेशा? इथे थोडं थांबू, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

बुचं सुटली म्हणजे काम झालं असं नसतं. त्याच वारेच्या पेशी आईच्या स्पायरल आर्टरीत आतपर्यंत शिरतात, तिच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि तिचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद करून टाकतात, अरुंद नळीचं दोन-अडीच मिलिमीटरचं मोकळं तोंड होतं. हा बदल ब्रोसेन्स नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये नीट मांडला. तोंड रुंद झालं की रक्त पाटाच्या पाण्यासारखं संथ येतं, वाफ्यात पसरतं, मुळांना भिजायला वेळ मिळतो. आणि तोंड अरुंदच राहिलं तर? पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बघ, तशी पिचकारी बसते. हिशोब करून पाहिलंय लोकांनी, रुंद तोंडातून रक्त साधारण सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने यायला हवं ते अरुंद तोंडातून सेकंदाला एक ते दोन मीटर वेगाने येतं. म्हणजे रक्त नुसतं कमी येत नाही, जोरात येतं, कोवळे फाटे झोडपून काढतं आणि देवाणघेवाण व्हायच्या आत निघूनही जातं. त्यात भिंतीत स्नायू उरलेला असल्यामुळे नळी मधूनच आवळते मधूनच सैल होते, ऑक्सिजन खालीवर खालीवर होत राहतो, आणि पेशींना हे खालीवर होणं सतत कमी असण्यापेक्षा जास्त बाधतं. तुझ्या रिपोर्टमधला नॉच याच अरुंद तोंडांची खूण आहे, पुढे अडथळा आहे म्हणून मोठ्या रक्तवाहिनीच्या आलेखात खाच पडते.

अशा वेळी एचआयएफ हुकूम सोडत नाही असं नाही, सोडतो. पण दुखावलेली वार दुसरंही एक प्रोटीन रक्तात सोडायला लागते, एसफ्लिट-१, ते वाटेतच व्हीईजीएफला आणि त्याच्या जोडीदाराला, पीएलजीएफला, पकडून ठेवतं. फर्मान निघालं पण वाटेतच अडवलं गेलं. शिवाय पीएलजीएफचं उलटं आहे, ऑक्सिजन कमी झाला की तो वाढत नाही, घटतो. आणि नेमकी त्याचीच गरज गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात जास्त असते.

का ते सांगते. साधारण २४-२५ आठवड्यांपर्यंत बाळाच्या केशवाहिन्या झुडपासारख्या फांद्या फोडत वाढतात. नंतर फांद्या फुटणं मंदावतं आणि त्या नुसत्या लांब व्हायला लागतात, इतक्या लांब की ज्या फाट्यात त्या आहेत त्याच्यापेक्षा लांब. नेफ्यात नाडी नेफ्यापेक्षा जास्त लांबीची कोंबलीस तर काय होईल, नाडीची वळी होतील आणि कापड बाहेर फुगवतील, बरोबर? तसंच इथे होतं, केशवाहिनीची वळी फाट्याची भिंत बाहेर ढकलतात आणि तिथे एक छोटा पातळ फुगवटा तयार होतो. हेच टोकाचे व्हिलाय, खरी देवाणघेवाण इथे चालते. चांगल्या वारेची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली की प्रत्येक फुगवट्यात चार-पाच केशवाहिन्या कडेला अगदी चिकटून बसलेल्या दिसतात, जणू भिंतीला गाल लावून, आणि मधला पडदा काही मायक्रॉनचा उरलेला असतो.

ज्या बाळांची वाढ फार लवकर आणि फार जोरात अडते त्यांच्या वारेची काच वेगळीच असते. फाटे बारीक, सरळसोट, लांबलांब, मध्ये नुसती मोकळी जागा, केशवाहिन्यांना वळी नाहीत, एखाद्या फाट्यात तर एखादीच, ती पण मध्यभागी, कडेपासून लांब. कडेला गडद जांभळे पुंजके, झिजलेल्या पेशींच्या केंद्रकांचे. अशी काच बघितली की मला दर वेळी पानगळ झालेलं झाड आठवतं, आणि त्याच झाडावर कुणीतरी सात महिने जगलं हे आठवलं की हात थांबतो.

आता यातलं जे सहसा कुणी सांगत नाही ते. १९९७ मध्ये किंगडम आणि कॉफमन या संशोधकांनी एक गोष्ट नीट मांडली, की वारेतला कमी ऑक्सिजन एकाच जातीचा नसतो, कमतरता वाटेत नेमकी कुठे आहे त्यावर वार कशी वाढते ते ठरतं. आईच्या रक्तातच ऑक्सिजन कमी असेल, म्हणजे ती फार उंचावर राहते किंवा तिला ॲनिमिया आहे, पण रक्त येण्याची वाट मोकळी आहे, तर वार जिद्दीने जास्त फांद्या फोडते, जास्त केशवाहिन्या बनवते, पडदा अजून पातळ करते. बोलिव्हियातल्या ला पाझसारख्या साडेतीन हजार मीटरच्या वरच्या शहरात हे पाहिलं गेलंय. तरी बाळांचं वजन उंचीबरोबर उतरतं, दर हजार मीटरला साधारण १०० ग्रॅम, पण पिढ्यान् पिढ्या उंचावरच राहिलेल्या, अँडीज पर्वतातल्या आयमारा, केचुआ किंवा तिबेटी बायकांच्या बाळांचं वजन तितकं उतरत नाही जितकं नव्याने तिथे गेलेल्यांच्या बाळांचं उतरतं, कारण त्यांचं शरीर गर्भाशयाकडे रक्तच जास्त पाठवतं. बघ, तिथेही गणित शेवटी रक्ताच्या वाटेवरच येऊन थांबतं.

दुसरी जात म्हणजे आईच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर पण वारेपर्यंत यायची वाट अरुंद. आणि तिसरी जात सगळ्यात चकवणारी, वारेत आईचं रक्त येतंय, त्यात ऑक्सिजन आहे, पण बाळाच्या बाजूच्या केशवाहिन्याच इतक्या कमी आहेत की तो उचलायला कुणी नाही. अशा गर्भाशयातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त शिल्लक राहिलेला मोजला गेलाय. म्हणजे बाळ उपाशी आणि ताट तसंच परत. प्रत्यक्षात एकाच वारेत एका भागात एक जात आणि शेजारी दुसरी असंही दिसतं, मी स्वतः एकाच काचेवर पाहिलंय.

आता मशीनचं तुझं तुलाच कळेल. तुझा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणजे तुझ्या रक्तातल्या गाड्या जवळजवळ पूर्ण भरून निघतायत, मशीन लावून अजून दोन माणसं चढतील एवढंच. अडचण गाडीत नाही, रस्त्यात आहे, आणि पलीकडे उतरवून घेणाऱ्यांत आहे. आईला दिवसेंदिवस ऑक्सिजन देऊन अशा बाळांचा फायदा होतो असं आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही, म्हणून तो नेहमीचा उपचार म्हणून दिला जात नाही. नवऱ्याला सांग, त्याला काहीतरी करायचंय हे मला कळतंय, हातावर हात ठेवून बसणं सगळ्यात अवघड असतं, पण ते पैसे जवळ ठेवा, पुढे एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या वेळी लागतील. आणि तो सिगरेट ओढत असेल तर, तू लिहिलं नाहीयेस पण मी विचारणारच, ती मात्र आजपासून बंद, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड तुझ्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि ही एक गोष्ट खरंच घरातल्यांच्या हातात आहे.

थोडा धीर येईल असंही एक सांगते. पोटातलं बाळ, अगदी छान वाढणारं सुद्धा, कमी ऑक्सिजनमध्येच राहतं. नाळेतून त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्यात चांगल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. २००७ मध्ये एव्हरेस्टवर ८,४०० मीटरला डॉक्टर-गिर्यारोहकांच्या धमनीतून रक्त काढून मोजलं तर सरासरी २४.६ आलं होतं. म्हणजे बाळाची राहायची जागा जवळपास तशीच. त्यासाठी त्याचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारं, आणि प्रमाणही जास्त. आणि फारच कमी पडायला लागलं तर ते आपलं रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं, बाकीच्यांना थोडं थांबवतं. तुझ्या रिपोर्टमध्ये मेंदूचं डॉपलर ठीक आहे म्हणजे त्याला अजून ही काटकसर करायची वेळ आलेली नाही.

गोळीबद्दल मात्र मी स्पष्ट नाही म्हणतेय. कल्पना वाईट नव्हती, रक्तवाहिन्या उघडणारं औषध दिलं तर रस्ता रुंद होईल, म्हणून स्ट्रायडर नावाने वेगवेगळ्या देशांत नीट चाचण्या झाल्या, लवकर वाढ अडलेल्या बाळांवरच. बाळांना फायदा दिसला नाही, आणि नेदरलँड्समधली चाचणी जुलै २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मानंतर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास जास्त दिसला, काही बाळं गेली. ही गोळी कुणी कितीही मायेने सुचवली तरी घेऊ नकोस. पूर्ण बेडरेस्टचाही बाळाच्या वाढीला फायदा दिसलेला नाही, उलट पायात रक्ताची गाठ व्हायची भीती वाढते, थोडं काम हलकं कर, घरात फिर, एवढं बास. दोन जिवांचं खा म्हणून मागे लागणाऱ्यांना सांग की पोटभर नीट जेवतेयस, यापेक्षा जास्त जेवून वारेच्या वाटा रुंद होत नाहीत. झोपताना कुठल्याही एका कुशीवर झोप, २८ आठवड्यांनंतर ते बरं असतं, रात्री जाग आल्यावर पाठीवर दिसलीस तर वळ आणि परत झोप, त्यावरून रडत बसू नकोस.

मग करायचं काय? जे करायचं ते वारेवर नाही, वेळेवर आहे. वार आता नव्याने बांधता येत नाही, पण ती किती दिवस पुरेल ते बघता येतं आणि बाळाला नेमक्या वेळी बाहेर काढता येतं, या आजाराचा सगळा उपचार या एका निर्णयाभोवती फिरतो. एक दिवस लवकर काढलं तर अपुऱ्या दिवसांचा त्रास, एक दिवस उशीर झाला तर पोटातच धोका.

डॉपलर त्यासाठी. नाळेतल्या धमनीचा पीआय वाढलाय म्हणजे पुढे वारेत बाळाच्या बाजूच्या बारीक वाहिन्या कमी आहेत, मी वर सांगितलं ती पानगळ. साधारण ३० टक्के जाळं निकामी झालं की पीआय वाढायला लागतो असं मानतात, ६० ते ७० टक्क्यांपर्यंत गेलं की दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह थांबतो किंवा उलटा फिरतो, रिपोर्टमध्ये त्याला एईडीएफ आणि आरईडीएफ लिहितात. तुझ्याकडे प्रवाह कमी झालाय पण आहे, ही मोठी गोष्ट आहे. प्रवाह थांबला तर बहुतेक ठिकाणी ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण करतात, उलटा झाला तर ३० ते ३२, डक्टस व्हिनोसस किंवा बाळाच्या ठोक्यांचा आलेख बिघडला तर त्याहीआधी. आणि आहे तसंच टिकलं तर ३७ च्या आसपासपर्यंतही नेता येतं, नेतात. म्हणून तुझी पुढची डॉपलरची तारीख एकही दिवस पुढे ढकलू नकोस, किती दिवसांनी बोलवायचं ते तुझे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील, कधी आठवड्याने, कधी दोन-तीन दिवसांनी, कधी ॲडमिट करून रोज. वजन मात्र दोन आठवड्यांच्या आत परत मोजायचा हट्ट धरू नकोस, सोनोग्राफीतल्या वजनात १०-१५ टक्क्यांची चूक सहज होते, लवकर मोजलं तर वाढ दिसण्याऐवजी चूकच दिसते आणि तू उगाच खचशील.

डॉक्टरांना या वेळी तीन गोष्टी आवर्जून विचार, लिहूनच ने. बाळाच्या फुप्फुसांसाठीची स्टिरॉइडची इंजेक्शनं कधी द्यायची ठरवलंय, फार आधी देऊनही उपयोग कमी आणि ऐन वेळी देऊनही कमी. बाळंतपण ३२ आठवड्यांच्या आत झालं तर मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देणार का. आणि हजार ग्रॅमच्या खालच्या बाळाला सांभाळणारं एनआयसीयू त्याच हॉस्पिटलमध्ये आहे का, नसेल तर बाळ पोटात असतानाच तिकडे जायचं, जन्मल्यावर ॲम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

बीपी आज नॉर्मल आहे पण ते घरी रोज मोज, कारण ज्या अरुंद वाटांमुळे बाळाची वाढ अडते त्यांच्यामुळेच आईला प्रिएक्लाम्प्शिया, म्हणजे गरोदरपणातला बीपी वाढण्याचा धोकादायक आजार, होऊ शकतो, तो एसफ्लिट-१ तुझ्याच रक्तात फिरतोय ना. त्याचं आणि पीएलजीएफचं प्रमाण रक्तातून मोजता येतं, तुझ्याकडे होत असेल तर डॉक्टरांना विचार. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, एकदम चेहरा सुजणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि बाळाचं फिरणं. मोजून दहा वगैरे नको, त्याची नेहमीची पद्धत काय ते तुला माहीत असेल, संध्याकाळी जास्त फिरतं, तू आडवी झालीस की लाथा मारतं, ते काय असेल ते, त्यात कमी वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, थंड पाणी पिऊन बघते म्हणायचं नाही, रात्री दोन वाजता जायचं. काही निघालं नाही तर परत यायचं, कुणी हसलं तर हसू दे.

८५० ग्रॅम हा आकडा तुला झोपू देत नाहीये हे तुझ्या पत्रात प्रत्येक ओळीत दिसतंय. युरोपातल्या ट्रफल नावाच्या अभ्यासात २६ ते ३२ आठवड्यांत अशी वाढ अडलेल्या ५०३ गरोदर बायका होत्या, त्यांच्या बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन हजार ग्रॅमच्या जरासं वर होतं, आणि त्यातली ९२ टक्के बाळं वाचली. वाचलेल्यांना कुणालाच त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही, साधारण चारातल्या एकाला एनआयसीयूत मोठे त्रास झाले, पण दोन वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातली बहुतेक नीट वाढत होती. ही सगळी मोठ्या केंद्रांतली, नीट डॉपलर ठेवून वेळ साधून काढलेली बाळं होती, म्हणून तर मी तारखेचा एवढा घोष लावलाय.

एक शेवटचं, माझ्या धंद्यातलं. बाळंतपण होईल तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असणार आणि वार फेकली जाणार. तसं होऊ देऊ नकोस, आत्ताच फाइलवर लिहून घे की वार पॅथॉलॉजीला पाठवायची, आणि फॉर्मवर आठवडे, बाळाचं वजन आणि डॉपलर लिहायला सांग, त्याशिवाय तपासणाऱ्याला अर्धंच कळतं. कारण अरुंद वाटांचं दुखणं निघालं तर पुढच्या वेळी कामाला येणारी गोष्ट आहे, रात्री घ्यायची कमी डोसची ॲस्पिरिन, पण ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तरच. २०१७ च्या ॲस्प्री चाचणीत रोज १५० मिलिग्रॅमने मुदतीआधीचा प्रिएक्लाम्प्शिया ६० टक्क्यांहून जास्त कमी झाला, वाढ अडण्याचा धोकाही अशाने थोडा उतरतो. आत्ता ती स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस, आत्ता तिची वेळ निघून गेलीय. आणि वारेत दुसरंच काही निघालं, क्वचित निघतं, तर पुढचा विचार पूर्ण वेगळा असतो.

पुढचा स्कॅन झाला की मला पीआय, प्रवाहाचं काय लिहिलंय ते आणि बीपी एवढं कळव, आणि रिपोर्टमधला एखादा शब्द अडला तर घरी शोधत बसण्यापेक्षा तोच लिहून पाठव.